धुराची चव

"लगेच गिळू नकोस. तोंडात फिरव आणि मग सांग," कॅलम म्हणाला.

दुपारचे दोन वाजले होते. त्याच्या बायकोने, शीनाने, त्याचा पलंग खिडकीशी आणला होता आणि मी शेजारी ग्लास धरून अवघडून बसलो होतो. ग्लासात आमचीच व्हिस्की होती. घशावरच्या उपचारांनी कॅलमची चव पार गेली होती. त्याला सूप काय आणि पाणी काय, सारखंच. डॉक्टर आता महिन्यांची नाही, दिवसांची भाषा बोलत होते. जाण्याआधी त्याला एकदा आपल्या व्हिस्कीची चव हवी होती, आणि ती माझ्या जिभेवरून.

स्कॉटलंडमधल्या आयला बेटावरच्या एकाच डिस्टिलरीत आम्ही दोघांनी एकतीस वर्षं काढली. दलदलीतून कापून वाळवलेली पीट नावाची माती जाळायची आणि त्याच्या धुरावर बार्ली सुकवायची, हे आमचं काम. व्हिस्कीत उतरणाऱ्या त्या धुराच्या चवीसाठी कुठून कुठून लोक येतात आणि बाटली हातात घेताना हळवे होतात. आणि ती भट्टी पेटवणाऱ्या मला मात्र ती व्हिस्की पहिल्या दिवसापासून आवडत नाही.

पूर्वी सकाळी कामावर आलं की फोरमन प्रत्येकाला एक पेला द्यायचा. तो त्याच्यासमोरच रिकामा करायची पद्धत होती. मी घोट तोंडात धरायचो, खूश झाल्यासारखी मान हलवायचो आणि पीटच्या ढिगामागे जाऊन थुंकायचो. घरी व्हिनेगरच्या बाटलीमागे मी मुख्य भूमीवरची गोडसर, बिनधुराची व्हिस्की लपवून ठेवतो. बायको सोडली तर हे कुणालाच ठाऊक नाही. आमच्याकडे एखाद्याने चर्चला जाणं सोडलं तरी लोक वाटेत थांबून त्याच्याशी बोलतील. पण हे कळलं तर? ज्या धुरावर माझी चूल पेटली, तोच मी थुंकून टाकत होतो, आणि याची मला मनापासून लाज वाटायची.

मी घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. कॅलमला वाटलं, मी त्याच्यासाठी रडतोय. त्याने माझा हात थोपटला.

"सांग ना लेका."

मग पाहुण्यांना डिस्टिलरी दाखवणारी पोरगी रोज जे म्हणते, ते मी घडाघडा म्हणून टाकलं. धूर आहे, समुद्राचा वारा आहे, शेवटी मधाचा गोडवा आहे.

"मध?" कॅलम म्हणाला.

"हो, थोडासा."

"नील, ते पाहुण्यांसाठी असतं रे. मला सांग."

"तशीच लागते," मी म्हणालो.

त्याने मान खिडकीकडे वळवली. "बरं," म्हणाला. "शीनाला म्हणावं, पडदा ओढ."

पुढच्या गुरुवारी तो गेला.

आमच्याकडे शवपेटी आठ दोऱ्यांनी खाली सोडतात. कुणी कुठली दोरी धरायची ते घरचे ठरवतात आणि आकडा घातलेलं कार्ड आधी पोचतं करतात. पहिली दोरी त्याच्या मुलाकडे होती. दुसरी सख्ख्या भावाची असायला हवी होती, पण माझ्या कार्डावर दोनचा आकडा होता. मी शीनाला म्हणालो, काहीतरी चूक झाली असेल.

"चूक कसली? त्यानेच मार्चमध्ये, उपचार सुरू झाले तेव्हाच लिहून ठेवलंय," ती म्हणाली. "म्हणाला, नीलला दे. तो कधी तोंडदेखलं बोलत नाही."

मी दोरी धरली. मान वर करायचा धीर झाला नाही.

नंतर दफनभूमीच्या फाटकाशी रिवाजाप्रमाणे व्हिस्की फिरली. मी पेल्यातली एका दमात गिळली. ती जखमेवर लावायच्या आयोडीनसारखी लागली. मागून डांबर फासलेला दोर, आणि सरतेशेवटी पावसात भिजलेली राख. एकतीस वर्षं थुंकून थुंकून ही चव मला पाठ झाली होती. कॅलमला एवढंच हवं होतं. ते सांगायला ती आवडण्याची काहीच गरज नव्हती, आणि मी त्याला मध सांगितला होता.

शीना रिकामा पेला घ्यायला आली. "चांगली आहे ना?" तिने विचारलं.

"उत्तम," मी म्हणालो.