तीसपैकी तीस

जव्हारमध्ये एक ज्युनिअर कॉलेज आहे. नाव सांगत नाही, उगाच कुणाशी वाकडं कशाला घ्या! तिथं बारावी सायन्सच्या प्रत्येक पोराला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला तीसपैकी तीस मिळतात. हुशार असो, मठ्ठ असो, नाहीतर परीक्षेपुरतं तोंड दाखवणारा असो, तीस म्हणजे तीस. यात काही लबाडी आहे असं तिथं कुणाला वाटतही नाही. डोंगरातली पोरं लेखीत मार खातात, निदान इथं तरी त्यांचं भलं होऊ दे, असा तो सगळा मायेचा कारभार.

प्रयोगशाळा आहे बरं का! पण तिला कुलूप. काचेची नळी फुटली तर वरच्यांना उत्तर कोण देणार? म्हणून केमिस्ट्रीचे धर्मेंद्र सर दसऱ्याला ती उघडत, सगळ्या काचसामानाला हळदकुंकू लावत, पोरांकडून हात जोडून घेत आणि पुन्हा कुलूप घालत.

पोशेरा गावच्या नवशीलाही तसेच तीस मिळाले होते. बाकीचे मार्क मात्र तिनं घाम गाळून मिळवलेले. “गणित सोड, भूगोल घे, टक्के वाढतील,” असं जो तो सांगत होता तेव्हा या बयेनं गणितच घेतलं, आणि टक्के खरंच वाढले नाहीत. तरी पुण्याच्या एका नामांकित कॉलेजनं तिला बोलावलं. तिथं जागा अगदी मोजक्या. पण एकदा आत शिरलं की फी माफ, राहणं-खाणंही त्यांचंच. ते नुसत्या टक्क्यांवर जात नाहीत. विषय अवघड घेतले की सोपे, दहावीपासून पोरगी चढत आली की घसरत, हे बघतात. इथवर सगळं नवशीच्या बाजूचं होतं. पण बोलावण्यात शेवटी एक ओळ होती: प्रयोगशाळेत तासभर काम करून दाखवावं लागेल.

ब्युरेट, म्हणजे तळाला तोटी असलेली ती काचेची उभी नळी, तिनं पाहिली होती एकदाच. तीसुद्धा हात जोडून.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती जव्हारला आली आणि डेपोतून थेट सरांच्या दारात.

“सर, लॅबची किल्ली पाहिजे.”

“मे महिन्यात? कशाला? तीस मिळालेत की तुला!”

“मिळालेत, सर. पण येत काहीच नाही.”

सरांचा चहाचा कप तसाच हातात राहिला. असं तोंडावर आजवर कुणी बोललं नव्हतं. मग ते चिडले. सुट्टी आहे म्हणाले, सामान फुटेल म्हणाले, यूट्यूबवर बघून घे म्हणाले. नवशीनं सरळ ओट्यावर बसकण मारली. उन्हाळ्यात झऱ्यावर वाटी-वाटीनं हंडा भरणारी पोरगी ती, तिला वाट बघायचं काय सांगता! दुपारी सर जेवून बाहेर आले तर ही तिथंच.

“हट्टी आहेस तू,” सर म्हणाले.

“हो, सर.”

सरांनी खुंटीवरची किल्ली काढली.

पण खरी गंमत पुढंच झाली. ब्युरेटवरचं कुंकू पुसताना नवशीच्या लक्षात आलं की सरच ती उलटीसुलटी करून बघतायत. इतकी वर्षं प्रयोग केला होता कुणी? पहिली पिपेट, म्हणजे पाणी मोजून घ्यायची बारीक नळी, फुटली ती सरांच्या हातून. दोघंही काचांकडे बघत राहिले, आणि मग सर असे काही हसले की नवशीलाही हसू आवरेना. “चला, सुटलो एकदाचे!” सर म्हणाले. त्या दिवसापासून त्यांना फुटण्याची भीती राहिली नाही.

मग रोज तेच. ब्युरेटमधलं जांभळं पाणी खालच्या चंबूत थेंबथेंब सोडायचं. नेमक्या एका थेंबाला चंबूतल्या पाण्याला फिकट गुलाबी रंग येतो, तिथं तोटी बंद. एक थेंब जास्त झाला की रंग भडक, आणि सगळं मुसळ केरात. नवशीचे कितीतरी चंबू भडक झाले. नवशी कुढली, स्वतःवर चरफडली, चंबू विसळून पुन्हा उभी राहिली. तिची उंची बेताची, ब्युरेटच्या वरच्या रेघा तिला टाचा उंचावून वाचाव्या लागत. “स्टूल घे, खालून वाचलं की आकडा चुकतो,” सर ओरडत. ती घेत नसे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सर हळूच म्हणाले, “नवशे, एक ऐक. तिथं विचारलं तर सांग, वर्षभर प्रयोग व्हायचे. नाहीतर तुझे मार्क खोटे ठरतील आणि माझी नोकरी धोक्यात येईल.”

सरांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच नवशीला रात्रभर झोप आली नाही.

पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत रोहिणी मॅडम नावाच्या बाई समोर उभ्या होत्या, शेजारी चष्मा लावलेले एक सर. नवशीनं ब्युरेट धुतली, भरली, टाचा उंचावल्या. मॅडमनी पायानं स्टूल पुढं सरकवलं. नवशीनं ते पाहिलं, पण चढली नाही. पहिला चंबू भडक झाला. तिनं दात-ओठ खाल्ले आणि दुसरा घेतला. फिकट गुलाबी. तिसरा, तोही तसाच.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “प्रॅक्टिकलला तीसपैकी तीस आहेत तुला. बारावीत किती प्रयोग केलेस?”

आता आली का पंचाईत! खोटं बोललं तर सर वाचतात, आपणही वाचतो. खरं बोललं तर हातची जागा जाते. नवशीला वाटलं, इतका हट्ट केला तो काय पुन्हा ते फुकटचे तीसच घेऊन उभं राहायला?

“एकही नाही, मॅडम. तीस सगळ्यांनाच देतात. मी निकालानंतर शिकले. आमच्या सरांनीच शिकवलं.”

चष्मेवाल्यांनी पेन खाली ठेवलं. “मग या मुलीच्या कुठल्या मार्कांवर विश्वास ठेवायचा आपण?”

“तिच्या सरांनाच विचारू,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी नवशीकडून नंबर घेतला, फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. सर आता ‘छे, छे, ही काहीतरीच बोलतेय’ म्हणाले की संपलं सगळं.

मॅडमनी विचारलं. पलीकडं एसटीचा हॉर्न वाजला. मग धर्मेंद्र सरांचा आवाज आला, “खरं बोलतेय ती. तीस मी सगळ्यांनाच देतो. हिला तर मी हातसुद्धा लावू दिला नव्हता. तेव्हाचे धराल तर शून्य.”

“आणि आज?”

इतक्या वर्षांत सरांनी कुणाचे मार्क मोजलेच नव्हते. “आज सव्वीस,” ते म्हणाले. “चार कापतो. ब्युरेट खालून वाचते, मॅडम. किती सांगितलं तरी स्टूल घेत नाही. हट्टी आहे.”

मॅडमनी त्या रिकाम्या स्टुलाकडं पाहिलं आणि खळखळून हसल्या. चष्मेवाल्यांनी पेन उचललं. नवशीच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहायला लागलं.

संध्याकाळी निवड झालेल्यांची नावं वाचली. नवशीनं फाटकाबाहेर येऊन आईला, कमूला, फोन लावला.

“आई, मला सव्वीस दिले सरांनी!”

“आगं बाय!” कमू हबकली. “तिसाचं सव्वीस झालं? कमी कशानं केलं गं?”

“माझ्याच हट्टानं,” नवशी म्हणाली. “आणि घेतलं मला, आई. त्या सव्विसावर घेतलं.”