दसऱ्याचं पाकीट

हैदराबादच्या बेगम बाजारातले मिरचीचे व्यापारी पद्मावतीबाईंना लांबून येताना पाहिलं की खुर्चीत सावरून बसत. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून त्या तळातली देठांनी भरलेली मिरची वर काढत आणि शेटजींच्या नाकाखाली धरून विचारत, "ये डंठल का भी भाव लगाए क्या तुम?" मग किलोमागे थोडे तरी कमी झाल्याशिवाय तिथून हलत नसत. नल्लकुंट्यातल्या त्यांच्या स्वतःच्या दुकानावर मात्र ठळक अक्षरात पाटी होती, 'एकच भाव'. दुसऱ्याकडे घासाघीस आणि आपल्याकडे एकच भाव, यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. धंद्यात राहायचं तर वाटूही नये.

अशा या बाईंनी बारा वर्षांत एक प्रश्न मात्र कधी तोंडातून काढला नव्हता. आपल्या हिशेब तपासनिसाला त्याची फी किती, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

त्यालाही कारण होतं. हिशेब पाहायचे एकनाथराव, म्हणजे बाईंच्या यजमानांचे, मुकुंदरावांचे शाळेपासूनचे मित्र. नारायणगुड्यात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस, आणि दारावर सीए म्हणून नाव. पद्मावतीबाईंनी मागच्या खोलीत गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी करून विकायला सुरुवात केली, तेव्हा मुकुंदराव म्हणाले की हिशेबाचं एकनाथ बघेल. फीचा विषय निघाला तसे एकनाथराव संकोचून म्हणाले, "पाहू हो वहिनी, घरचंच आहे." तिथेच तो विषय मिटला. खरं तर तिथेच तो सुरू व्हायला हवा होता.

मग एक रीत पडली. दसऱ्याच्या संध्याकाळी एकनाथराव सोनं द्यायला येत. शहर हैदराबाद, म्हणून तबकात आपट्याच्या पानांबरोबर जम्मीची, म्हणजे शमीचीही पानं असत. त्या पानांखाली पद्मावतीबाई एक पाकीट ठेवत, त्यात पाचशे एक रुपये. एकनाथराव पानं आणि पाकीट एकदमच उचलून न बघता खिशात घालत. ते बघत नाहीत हे बाई बघत, आणि केवढा निर्लोभी माणूस, म्हणून त्यांचा ऊर भरून येई. शिवाय दर महिन्याला गोड्या मसाल्याचा एक डबा नारायणगुड्याला जाई. धंदा वाढला, हाताखाली चार बायका आल्या, मिरची तिप्पट महागली, पण पाकिटातला आकडा हलला नाही. आकडा बदलायचा म्हणजे आकड्याचा उल्लेख आला, आणि उल्लेख तर दोघांनाही करायचा नव्हता.

इकडे देशाची दारं उघडली होती. घरोघरी केबल आली होती, आणि पंच्याण्णव साली पंजागुट्ट्याला एक भलंमोठं दुकान निघालं, गिऱ्हाइकानं हातगाडी ढकलत आपला माल आपणच उचलायचा अशा थाटाचं. तिथल्या खरेदीच्या साहेबांनी पद्मावतीबाईंचा मसाला चाखला आणि पाकिटं करून द्या म्हणाले. त्यासाठी दळायचं मोठं यंत्र हवं होतं, यंत्रासाठी बँकेचं कर्ज, आणि कर्जासाठी गेल्या दोन वर्षांचे तपासलेले हिशेब. दुकानवाले दिवाळीपर्यंत थांबायला तयार होते. त्यानंतर ते फळीवरची जागा दुसऱ्या कोणाला तरी देणार होते. म्हणजे सगळं घोडं एकनाथरावांच्या सहीशी अडलं होतं.

आणि एकनाथराव म्हणत होते, "होईल वहिनी." श्रावणात म्हणाले, गणपतीत म्हणाले. पितृपक्ष लागला तरी तेच म्हणत होते.

"एकनाथला परेशान नक्को करू," मुकुंदरावांनी बजावलं. "मनाचा साफ माणूस आहे."

"मन साफ आहे हो. टेबल कधी साफ होणार?" असं म्हणून पद्मावतीबाईंनी पदर खोचला आणि सोमाजीगुड्याची रिक्षा केली.

तिथे अलका नावाच्या पुण्याहून आलेल्या सीएचं नवं ऑफिस होतं. पोरगी त्यांच्याच दुकानातून भाजणी नेई, म्हणून ओळख. ऑफिसात एसी इतका गार होता की बाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. अलकानं सगळं ऐकून घेतलं आणि वर्षाचे बारा हजार सांगितले. पण बाईंची सवय कुठे जाते? त्या म्हणाल्या, "सहा."

"काकू, कशाचे बारा ते तरी आधी विचारा," अलका हसून म्हणाली.

मग तिनं समजावून दिलं. यात हिशेब तपासणं आलं, आयकराचं रिटर्न आलं, बँकेचे कागद आले. विक्रीकराची नोटीस आली तर साहेबांपुढे उभं राहण्याचे पैसे वेगळे. धंदा वाढला तर कामही वाढणार, म्हणून फी वर्षाला एकदा बसून ठरवायची. काय मिळणार, काय नाही आणि कधी मिळणार, हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचे. आणि तुमचा जेवढा कर वाचवीन त्यात माझा एवढा वाटा, असं कोणी म्हणालाच, तर चपला घालून निघून यायचं.

पद्मावतीबाई मिरची पारखावी तशी प्रत्येक गोष्ट पारखून घेत होत्या. मग त्यांनी सहज म्हणून विचारलं. मागे विक्रीकराची माणसं दुकानात आली होती आणि भाजणीला पीठ म्हणायचं की तयार खाणं, यावर अडून बसली होती, तेव्हा भाऊजींनी, म्हणजे एकनाथरावांनी, महिनाभर हेलपाटे घालून ते प्रकरण मिटवलं. त्याचे तू किती घेतले असतेस? अलकानं आकडा सांगितला. आणि पहिल्या गिरणीच्या कर्जाचे कागद केले त्याचे? अलकानं तोही सांगितला. बेरीज करायला बाईंना कागद लागत नसे. त्या दोनच कामांपुढे बारा दसऱ्यांची बारा पाकिटं तोकडी पडत होती.

"तुम्ही त्यांना काय देत होता?" अलकानं विचारलं.

बेगम बाजाराला घाम फोडणारी ती बाई खाली बघून म्हणाली, "गोडा मसाला."

अलका हसली नाही. ती म्हणाली की काम मी आनंदानं घेईन, पण आमच्यात आधीच्या सीएला पत्र लिहून कळवावं लागतं, की तुमचं गिऱ्हाईक माझ्याकडे येत आहे, तुमची हरकत नाही ना. "ते पत्र मी लिहिण्याआधी तुम्ही एकदा त्यांच्याशी बोला, काकू."

त्या पत्राची कल्पना पद्मावतीबाईंना सोसेना. भाऊजी चष्मा पुसून ते वाचत आहेत असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना भडभडून आलं. रिक्षा नल्लकुंट्याऐवजी नारायणगुड्याला वळवली.

जिन्यातच इमारतीच्या वॉचमनची बायको भेटली. "अम्मा, तुमचा मसाला फस्ट क्लास," ती म्हणाली. "पप्पूत, वरणात टाकते मी." हिला आपला मसाला कुठून मिळाला, हे कोडं घेऊनच बाई वर पोचल्या. एकनाथराव फायलींच्या ढिगामागे बसले होते. त्यांना बघताच ते गडबडून उठले आणि म्हणाले, "होईल वहिनी."

बाई खुर्चीत बसल्या. बारा वर्षं गिळलेला प्रश्न त्यांनी एका दमात बाहेर काढला.

"भाऊजी, तुमची फी किती?"

एकनाथरावांनी समोरची उघडी फाईल मिटली. मग हळूच म्हणाले, "वहिनी, ज्यांची फी ठरलेली आहे त्यांचं काम मला आधी करावं लागतं. ते फोन करून विचारू शकतात. तुमचं मी रविवारी घरी नेऊन करतो. आणि हल्ली रविवारी डोळे चालत नाहीत माझे."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगणार? घरचंच आहे, असं मीच म्हणालो होतो."

"आणि तो मसाला?"

एकनाथरावांचा चेहरा आणखीच पडला. आम्लपित्तामुळे गेली कित्येक वर्षं मसाला बंद होता. दर महिन्याचा डबा इमारतीत वाटला जात होता, आणि पाची मजले पद्मावतीबाईंचे भक्त झाले होते. बाईंना हसावं की रडावं कळेना. एवढंच सांगितलं असतं तर त्यांनी मेतकूट दिलं नसतं का? भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे तर तिनं दोन घरं धरली होती.

"आता बोला," त्या म्हणाल्या. "काय मिळणार, काय नाही, आणि कधी?"

एकनाथराव ताठ बसले. हिशेब, रिटर्न आणि बँकेचे कागद, वर्षाला सहा हजार. विक्रीकराची नोटीस आली तर वेगळे. आणि दोन्ही वर्षांचे हिशेब दसऱ्याच्या आत हातात.

"चार," पद्मावतीबाई बोलून गेल्या. जीभ चावायलाही वेळ मिळाला नाही.

ज्या माणसानं बारा वर्षांत पाकीट उघडून पाहिलं नव्हतं, त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वहिनी, तुमच्या दुकानावर पाटी आहे ना? तशीच इथेही आहे. फक्त लावायची राहून गेली होती."

पद्मावतीबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि पर्समधून चेकबुक काढलं.

हिशेब वेळेवर आले आणि बँकेत गेले. दसऱ्याला एकनाथराव सोनं घेऊन आले तेव्हा तबकात नुसती पानं होती, आपट्याची आणि जम्मीची. त्यांनी ती सावकाश, नीट बघून उचलली. पूर्वी ते उभ्या उभ्या निघत. या वेळी जेवायला थांबले, मुकुंदरावांशी शाळेतल्या गप्पा मारल्या आणि निघताना घराच्या पुढच्या बाजूच्या बाईंच्या दुकानाशी रेंगाळले.

"अर्धा किलो मेतकूट द्या," ते म्हणाले. "मऊ भाताबरोबर सोसतं मला. किती झाले?"

"तुमच्याकडून काय घ्यायचे, भाऊजी, घरचंच..." पद्मावतीबाईंनी सुरुवात केली, आणि मध्येच थांबून घसा साफ केला. "पस्तीस रुपये."

"तीस करा."

पद्मावतीबाईंनी हसत पाटीकडे बोट दाखवलं, आणि एकनाथरावांनी पैसे मोजले.