उजव्या बाजूचा तुरा

मी तुरा बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका. ग्लासगोत निकमांच्या घरी, टीव्हीच्या वरच्या भिंतीवर काचेची पेटी आहे ना, तिच्यातला काळा पिसारा म्हणजे मी. पाहुणे विचारायचे, "हा कसला पक्षी?" मग रवी निकम घसा खाकरायचा आणि त्याची बायको आशा चहा ठेवायच्या निमित्ताने आत सटकायची. गोष्ट तिची पाठ झाली होती. माझीही झाली होती, पण मला सटकता येत नव्हतं.

रवीची गोष्ट निम्मी खरी होती. पूर्ण गोष्ट फक्त मला ठाऊक, आणि मला विचारतो कोण?

मी जन्माने इटलीतल्या डोंगरांतला. तिथल्या एका मोठ्या, दिमाखदार रानकोंबड्याची ही पिसं. काळी दिसतात, पण उन्हात धरलीत तर हिरवी झाक मारतात. एका कारागीर बाईने ती निवडली, वाफेवर धरून त्यांना बाक दिला, तारेने बांधली आणि एका पसरट काठाच्या टोपीला उजव्या बाजूने लावली.

ती टोपी बेर्सालिएरींची होती. ही इटलीची हलक्या पायदळाची माणसं, नेमबाज आणि पायाने वाऱ्यासारखी. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी त्यांची पहिली तुकडी उभी राहिली, आणि तेव्हापासून ती मिरवणुकीतसुद्धा चालत नाहीत, धावतात. बँडवालेही धावता धावता तुताऱ्या वाजवतात. त्यांना श्वास कसा पुरतो, ते मला आजवर कळलेलं नाही. मी उजवीकडे का, तर नेम धरताना डोळ्यावर सावली पडावी म्हणून, असं सांगतात. खरं सांगू का? दिसतंही छान.

ही माणसं क्रिमियात इंग्रजांच्या बाजूने लढली. रोमच्या तटाला भगदाड पडलं तेव्हा त्यातून आत घुसली. पहिल्या महायुद्धात घडीच्या सायकली पाठीला बांधून डोंगर चढली. आमच्या पलटणीच्या निशाणावर पदकं लागत गेली, आणि दर पदकामागे कितीतरी टोप्या मालकांशिवाय घरी गेल्या. माझा पहिला मालक सायकलवालाच होता. तो जिवंत परतला आणि पुढे त्याने मला आपल्या पुतण्याच्या हाती दिलं.

देताना तो काही बोलला नाही. आमच्या तुकडीत तुरा असाच द्यायची पद्धत होती. त्याने उजव्या कानाला हात लावला. मग तळहातावर दोन बोटं सावकाश चालवली आणि मान हलवली: नाही. मग तीच बोटं भराभर पळवली: असं. पुतण्या हसला. त्याचं नाव तुल्यो.

तुल्योबरोबर मी आफ्रिकेत आलो. एकेचाळीस साल, एरिट्रियातलं केरेन. टोपीच्या जागी उन्हाचं हेल्मेट आलं होतं, पण मी उजवीकडेच. समोर इंग्रजांची फौज होती आणि त्यात मराठे होते. तेही हलकं पायदळच, म्हणजे आमचे भाऊबंदच म्हणायचे. डोंगर उघडाबोडका, पाणी खाली दरीत. एका सकाळी तुल्योच्या गुडघ्यात गोळी शिरली आणि तो खडकाआड पडला. त्याचे साथी मागे हटले. मग संगीन लावलेला एक शिपाई वर आला.

तुल्योने डोळे मिटले. माझी पिसं थरथरली. वाऱ्यानेच थरथरली असणार, असं मी पुढे स्वतःला समजावलं.

तो शिपाई खटाव तालुक्यातला तात्याबा निकम. त्याने गुडघा पाहिला, आपल्या पायाची पट्टी सोडून त्यावर आवळली, बाटलीतलं उरलेलं पाणी तुल्योला पाजलं आणि त्याला पोत्यासारखं पाठीवर टाकून डोंगर उतरायला लागला. तुल्यो आपल्या भाषेत सारखा काहीतरी बोलत होता. तात्याबा आपल्या भाषेत करवादत होता, "गप ऱ्हा की लेका! किती वळवळतूयस!"

खाली डॉक्टरने पाय बघितला आणि मान हलवून पुढच्या माणसाकडे वळला. तुल्यो समजला, आता या पायाने धावणं नाही. त्याने मला सोडवलं आणि तात्याबाच्या हातात ठेवलं. उजव्या कानाला हात लावला. तळहातावर दोन बोटं चालवली, मान हलवली. मग पळवली. तेवढ्यात त्याचे डोळे भरून आले.

"बरं बाबा," तात्याबा म्हणाला. "पळतो."

तुल्योला गाडीत घालून नेलं. तो मला पुन्हा कधीही दिसला नाही.

लढाई संपल्यावर तात्याबाचं लग्न ठरलं. फेटा बांधणाऱ्याने मला डावीकडे खोचलं, तर पठ्ठ्याने काढून उजवीकडे लावलं. आणि मांडवाच्या दाराशी आल्यावर गडी जो पळत सुटला! बायका पदरात तोंड लपवून हसल्या. कोणी म्हणालं, "नवऱ्याला लईच घाई झालीया!" तात्याबाने कधी कोणाला कारण सांगितलं नाही. फार विचारलं की तो चंची उघडून तंबाखू मळायला घ्यायचा. मग गावानेच गोष्ट रचली: निकमाने शत्रूचं डोकं उडवलं आणि तुरा जिंकून आणला.

मुलाच्या, म्हणजे रवीच्या लग्नात म्हाताऱ्या तात्याबाने पुन्हा कानाला हात लावला, तळहातावर बोटं पळवली आणि म्हणाला, "चालायचं नाय." रवी पळाला. पुढे म्हातारा गेला आणि रवी इंजिनिअर होऊन स्कॉटलंडला आला. त्याने माझ्यासाठी पेटी करून घेतली आणि खाली पितळी पाटी ठोकली: 'केरेन, १९४१. शत्रूकडून जिंकलेला.' बापाच्या अभिमानापोटीच ठोकली हो, त्यात खोटेपणा नव्हता.

आता रवीच्या मुलाचं, साकेतचं लग्न ठरलं. तो इथेच जन्मलेला. मुलगी जेम्मा, स्कॉटिश-इटालियन. तिला आजीने वाढवलं. त्या आजीचं नाव नीना. नीनाचा बाप युद्धकैदी म्हणून स्कॉटलंडच्या शेतावर कामाला आला होता. सुटल्यावर तो इथेच राहिला आणि त्याने आइस्क्रीमचं दुकान टाकलं.

पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा नीनाबाई हातात अळूवडीची प्लेट घेऊन हसत खोलीत शिरल्या आणि मला बघून जागच्या जागी थांबल्या. मी ओळखलं. ही नजर आमच्या माणसांची होती.

"हा कोणाच्या डोक्यावरचा?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

रवीने घसा खाकरला. या वेळी आशा आत गेली नाही. तिने डोळे मोठे करून खुणा केल्या, पण रवी रंगात आला होता. त्याने डोकं उडवण्यापासून ते लग्नात साकेतच्या फेट्यावर हाच लागणार इथपर्यंत सगळं सांगितलं.

नीनाबाईंनी प्लेट खाली ठेवली. "माझे वडील त्याच पलटणीत होते. काकाही. काका त्याच डोंगरावर गेला. घरी त्याची एक गुंडीसुद्धा आली नाही." त्या जेम्माकडे वळल्या. "मी रजिस्ट्री ऑफिसला येईन. पण हा जिथे मिरवणार, त्या हॉलमध्ये मी पाय ठेवणार नाही."

त्या गेल्यावर आशाने उरलेल्या अळूवड्या झाकून ठेवल्या.

"अहो, त्या पोरीला आईच्या ठिकाणी तीच आजी आहे," आशा म्हणाली. "एका तुऱ्यापायी ती लग्नाला नसेल, हे बरं दिसतं का?"

"आमची रीत आहे ती. आणि मी बाबांना खोटं पाडू?"

साकेतने खुर्चीवर चढून पेटी खाली काढली आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "आई, मी ते तुरा नाही घालणार. नीनाला देऊन टाकतो. जेम्मा दोन दिवस रडते आहे. इट्स नॉट वर्थ इट, बाबा."

रवी मांडीवर पडलेली पेटीची धूळ झटकत बसून राहिला. मला त्याचीही कणव आली.

शनिवारी साकेत मला घेऊन नीनाबाईंकडे गेला. त्याने पेटी टेबलावर ठेवली. "हे तुमचं आहे. माफ करा." त्यांनी नुसती मान हलवली. मग आपला अवघडलेपणा लपवायला पोरगा हसून म्हणाला, "चला, निदान सगळ्यांसमोर धावायचं तरी वाचलं."

"धावायचं?"

"आमच्या घरातला नियम आहे. हा घातला की हॉलमध्ये चालत नाही जायचं, धावत जायचं. आणि उजवीकडेच लावायचा. का, ते कोणालाच माहीत नाही. आजोबांनी सांगितलं होतं."

नीनाबाई उठता उठता पुन्हा खाली बसल्या. त्यांनी आपला सुरकुतलेला तळहात पुढे केला. त्यावर दोन बोटं सावकाश चालवली, मान हलवली. मग बोटं पळवली.

"हो! अगदी असंच!" साकेत म्हणाला. "बाबा करून दाखवतात. तुम्हाला कसं माहीत?"

नीनाबाई रडत होत्या. "माझे वडील दुकान बंद करून आले की मला करून दाखवायचे. तुरा देताना असं सांगतात, बाळा. मेलेल्या माणसाच्या डोक्यावरून काढला असता, तर तुझ्या आजोबांना हे कोणी सांगितलं असतं? कोणीतरी जिवंत माणसाने आपल्या हाताने त्यांना दिलाय."

मग त्यांनी पेटी उघडली आणि माझ्या पिसांवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत काचेआड कोणी हात लावला नव्हता. मी काय सांगू तुम्हाला!

त्या दोघांनी मला रवीसमोर परत आणून ठेवलं. सगळं ऐकल्यावर त्याने स्वतःच्या तळहातावर दोन बोटं पळवून पाहिली. "बाबा कधीच म्हणाले नव्हते, जिंकला म्हणून," तो शेवटी म्हणाला. "गाव म्हणायचं. मग मी." तो उठला, किचनच्या ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर आणला आणि पाटी काढून टाकली.

लग्नात फेट्यावर मला नीनाबाईंनी लावलं. उजवीकडे, किंचित कलता. सनई वाजली आणि साकेत जो सुटला, त्याच्या मागे धापा टाकत रवी. शेवटी बघतो तर काठी आशाच्या हातात देऊन नीनाबाईही तीन-चार पावलं दुडुदुडु धावल्या. सगळा हॉल हसत होता, आणि पुढच्या रांगेतली जेम्माची माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती.

आता मी पुन्हा पेटीत आहे. पाटीच्या जागी स्क्रूची दोन भोकं तेवढी दिसतात. पाहुणे विचारतात तेव्हा रवी अजूनही घसा खाकरतो, पण आता आशाही बसून ऐकते. मला दिलं त्याचं नाव त्यांना ठाऊक नाही, म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो: तुल्यो. उद्या या घरात कोणाला नातवंडं होतील, त्यांची लग्नं होतील, माझी पिसं झडत जातील. एक पीस उरलं तरी चालेल. फक्त ते उजवीकडे लावा, आणि चालू नका. तुल्योचं धावणं त्या डोंगरावर अर्धंच राहिलंय.