आडेलहाइडचं हक्कसोडपत्र

वीणाची नजर काचबिंदूने कडेकडेने मिटत आली होती. सौदीत कतीफला येऊन सातवं वर्ष लागलं, तेव्हा तिला कागदावरचं अक्षर दिसेनासं झालं. लग्नाआधी ती पुण्यात जर्मन शिकवायची आणि जर्मनीतल्या एका विसरल्या गेलेल्या सरदार घराण्यावर संशोधन करायची. संसारात ते मागे पडलं. मुलगी नूपुर रियाधला नोकरीला लागली, तेव्हा वीणाने ते पुन्हा हातात घेतलं. आणि त्याच सुमाराला डोळे गेले.

मग रत्नाकर, तिचा नवरा, तिला वाचून दाखवायला लागला. तो जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनियर होता. पहाटे पाचला बस, दुपारी साडेचारला परत. चहा झाला की तो लॅपटॉप टीव्हीला जोडायचा आणि पडद्यावर सहाशे वर्षांपूर्वीचं पिवळं पडलेलं पान मोठं करून लावायचा. जर्मन त्याला ओ की ठो येत नव्हतं. अक्षरांचे आकार तेवढे वीणाने त्याच्या तळहातावर बोटाने काढून शिकवले होते.

"डी, आय, मग एफ..."

"एफ नाही रे, एस. खाली लांब उतरतो तो."

"मग तसं लिहायचं ना नीट!"

ती हसायची आणि त्याने सांगितलेली अक्षरं जोडत शब्द उभा करायची.

घराण्याचं नाव आल्टेनहाग. एक गढी, अकरा गावं, दोन पाणचक्क्या आणि उतारावरचे द्राक्षमळे, एवढंच वतन. शेवटचा सरदार मुलगा न होताच वारला. त्याची एकुलती एक मुलगी आडेलहाइड मठात गेलेली. तिने वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याचं पत्र निघालं आणि सगळी गावं बिशपकडे गेली. जुन्या पुस्तकांत तिच्यावर एवढी एकच ओळ होती.

मठात मेलेल्यांची नोंदवही ठेवत. तिच्यात सहसा नुसता दिवस असतो, वर्ष नसतं. पण एका संध्याकाळी रत्नाकरने आडेलहाइडच्या नावापुढचे आकडे वाचून दाखवले. वीणाने ते त्याला तीनदा वाचायला लावले. ते वर्ष हक्कसोडपत्राच्या दोन वर्षं आधीचं होतं.

"मेलेल्या बाईच्या नावावर लिहून घेतलं रे त्यांनी," ती म्हणाली. "आणि इतकी वर्षं सगळे म्हणतात, तिने आपणहून सोडलं."

त्या दिवसापासून तिने लेख सांगायला घेतला. ती सांगायची, तो टाइप करायचा.

फेब्रुवारीत तिने त्याला म्हटलं, "या घराण्यावर एवढ्यात कोणी काही लिहिलंय का, बघ ना जरा."

रत्नाकरने इंटरनेटवर नाव घातलं. पहिलंच पान एका नव्या पुस्तकाचं होतं, जर्मनीतल्या कुणा प्राध्यापकाचं. खाली इंग्रजीत सारांश होता. मठाची नोंदवही, आडेलहाइडच्या मृत्यूचं वर्ष, बनावट पत्र. सगळं होतं. त्याने ते दोनदा वाचलं.

"मिळालं का काही?"

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजव्या डोळ्यात उरलाय तो उजेडही फार दिवस राहणार नाही. तेव्हापासून तिचं जेवण तुटलं होतं. वीणा टीव्हीकडे तोंड करून बसली होती, जरा पुढे झुकून, दिसत असल्यासारखी.

"नाही," रत्नाकर म्हणाला. "नवीन काही नाही."

उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी ती सकाळीच उठून वाक्यं मनात जुळवत बसली होती. मग ईद झाल्यावर सांगू. मग नूपुर आल्यावर. चार महिने गेले. त्या चार महिन्यांत वीणा पुन्हा जेवायला लागली, त्याचा हात धरून समुद्राकाठी फिरायला लागली, फोनवर बहिणीशी मोठमोठ्याने बोलायला लागली. तो एकेक वाक्य टाइप करायचा आणि टाइप केलेलं त्याला बघवत नसे.

जूनमध्ये नूपुर दोन दिवसांसाठी आली. शुक्रवारी सकाळी वीणा तिला म्हणाली, "लेख पाठवायच्या आधी एकदा तू बघ गं, कोणी आधी लिहिलंय का. बाबाच्या नजरेतून सुटलं असेल तर."

रत्नाकर स्वयंपाकघरात मासे साफ करत होता. त्याला ऐकू आलं.

"आई, देअर्स अ बुक. फेब्रुवारीत आलंय." आणि त्याने नको म्हणायच्या आत नूपुरने सारांश वाचायला सुरुवात केली.

तो ओल्या हातांनी दारात येऊन उभा राहिला. वाचून झालं. वीणाने दाराकडे तोंड वळवलं.

"रत्नाकर, फेब्रुवारीत मी तुला शोधायला सांगितलं होतं."

"हो."

"दिसलं होतं हे?"

"दिसलं होतं."

"बाबा, यू न्यू? माहीत होतं?" नूपुर म्हणाली.

"उजव्या डोळ्याचं तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, हे एवढं तरी..."

"पुस्तकाचं मला वाईट वाटत नाही," वीणा म्हणाली. "त्या बाईचं खरं कुणीतरी सांगितलं, बरंच झालं. पण मला दिसत नाही रे. तू सांगशील तेवढंच माझ्यासमोर असतं. चार महिने तू मला रिकाम्या भिंतीसमोर बसवलंस."

मासे तसेच राहिले. नूपुरने बाहेरून जेवण मागवलं.

जायच्या आधी तिने आईच्या फोनमध्ये वाचून दाखवणारं अ‍ॅप घातलं आणि ते पुस्तकही विकत घेऊन दिलं. छापलेलं जर्मन ते अ‍ॅप अस्खलित वाचायचं. जुन्या हस्ताक्षरातली पानं मात्र त्याला वाचता येत नव्हती. वीणाने ती पानं सोडून दिली. लेखाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

ती रागावली नव्हती. चहा चांगला झाला की सांगायची, ऑफिसची चौकशी करायची, कुठे लागलं-खुपलं तर त्याचाच हात शोधायची. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी त्याने धीर करून विचारलं, "एखादं जुनं पान लावू का टीव्हीवर? नुसतंच. मी वाचतो."

"नको," ती मायेनेच म्हणाली. "तू दमून येतोस." आणि तिने कानात इअरफोन घातले.