खंडेनवमीची डिस्क

वारज्यातल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत मशीन बंद पडलं की नोंद करायला एक वही होती, आणि त्या वहीत 'जबाबदार' नावाचा एक रकाना होता. मशीन दुरुस्त होवो न होवो, तो रकाना कधी रिकामा राहत नसे. जानेवारीपासून त्यात अकरा वेळा एकच नाव पडलं होतं: दीक्षा.

दीक्षा दिवाळीनंतर सर्व्हर सांभाळायला लागली, सहा महिन्यांच्या बोलीवर. पंधरा मेला तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे तिचे साहेब दिगंबर ठरवणार होते. वहीतलं अक्षरही त्यांचंच.

दुखणं प्रॉक्सी सर्व्हरचं होतं. चाळीस माणसांचं इंटरनेट त्या एकाच मशीनमधून जायचं. एकाने उघडलेलं पान ते डिस्कवर जपून ठेवायचं आणि दुसऱ्याने मागितलं की तिथूनच काढून द्यायचं. आता मात्र अकराच्या सुमारास त्याची मेमरी तुडुंब भरायची आणि सगळं ऑफिस ताटकळत बसायचं. दीक्षा ते बंद करून पुन्हा चालू करायची. तास-दोन तास बरे जायचे, की परत तेच. ज्या दिवशी काम अर्धा दिवस ठप्प व्हायचं, त्या दिवशी वहीत नोंद.

सेटिंगमध्ये पानांसाठीची मेमरी तिने आठ एमबीवर आणली. मशीनने त्याला भीक घातली नाही. नवी मेमरी टाकावी, तर बोर्डावर जागा उरली नव्हती.

"अहो, तुम्ही यायच्या आधी हे कधी झालं नव्हतं," दिगंबर म्हणाले. "योगायोग असेल म्हणा."

तिला ते झोंबलं. राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण ते खरंच होतं.

मग तिने सेटिंगची फाइल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. मध्येच एक शेरा सापडला: 'खंडेनवमी. नवी डिस्क. चाळीस जीबी, पूर्ण. दिगंबर.' तिने मशीनचं झाकण काढलं. डिस्कवर हळदीकुंकवाची बोटं अजून होती. बुधवार पेठेतून आणलेली ती डिस्क साहेबांनी पूजा करून मुहूर्तावर स्वतः बसवली होती, आणि मोठ्या मनाने सगळीच्या सगळी प्रॉक्सीला देऊन टाकली होती. तीस जीबी भरलीही होती.

दीक्षाने कागद ओढला. डिस्कवरच्या प्रत्येक पानाचा ठावठिकाणा प्रॉक्सी मेमरीत ठेवतो, एका जीबीमागे साधारण दहा एमबी. म्हणजे तीस जीबीला तीनशे एमबी. मशीनची मेमरी होती दोनशे छप्पन. डिस्क हळूहळू भरत गेली, म्हणून दसऱ्याचं दुखणं जानेवारीत वर आलं.

"म्हणजे डिस्क रिकामी ठेवायची?" दिगंबर म्हणाले. "शोभेला आणली होती का आपण?"

"सर, कपाट मोठं झालंय, पण कुठे काय ठेवलंय ते लक्षात ठेवणारं डोकं तेवढंच आहे. दहा जीबीच देऊ."

"आणि ही चाळीस कुणी दिली?"

दीक्षाच्या मनात आलं: नाव घेतलं तर नोकरी जाईल, नाही घेतलं तर बारावी नोंदही आपल्याच नावावर. शेवटी तिने त्या ओळीचा छापील कागद पुढे सरकवला.

दिगंबरांनी तो दोनदा वाचला. "करा दहा," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मशीनने एकदाही कुरकुर केली नाही. पंधरा मेला त्यांनी तिला बोलावलं. समोर वही उघडी होती. एकेक पान उलटत त्यांनी 'जबाबदार'मधलं तिचं नाव खोडलं, शेजारी आपलं लिहिलं आणि सही केली. दहा वेळा. अकराव्या नोंदीपाशी पेन थांबलं.

"ही मात्र तुमचीच. त्या दिवशी तुम्ही भलतीच वायर उपटली होती."

तेही खरं होतं. तिला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

"सही करा," ते म्हणाले. "कायम केलेल्या माणसाची सही लागते इथे."