परवडणारं वय

नीवेस आणि ऑत्ताव्हिओ जन्मभर भाड्याच्या घरात राहिले आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते मिरेल्लामुळं. मुलगी सव्वीस वर्षांची घोडी, पण अजून ताटातलं मांस आईनं कापून द्यायचं. आपल्यामागं तिला सांभाळायला एखादी बाई मिळेल, पण घर कोण देणार? एवढा एकच घोर नीवेसच्या जिवाला लागला होता.

जवळ साठ हजार युरो होते. ऑत्ताव्हिओनं उभा जन्म बोटीवर स्वयंपाक करून साठवलेले. आता तो सदुसष्टचा, त्या वयाला कर्ज म्हटल्यावर बँकेनं दारातूनच हात जोडले. साठ हजारांत सावोना शहरात दोन खोल्याही येईनात, तेव्हा दलाल म्हणाला, "उघडी मालकी घ्या."

म्हणजे घर आज विकत घ्यायचं, विकणाऱ्यानं मरेपर्यंत त्यातच राहायचं, आणि तो गेला की किल्ली तुमची. दलालाकडं तक्ताच होता. विकणारा जितका म्हातारा तितकं घर महाग, कारण वाट कमी बघावी लागते. शहाऐंशीच्या एका आजोबांचं घर नव्वद हजारांना होतं. नीवेसचं बोट तक्त्यावरून खाली खाली सरकत बहात्तरावर येऊन थांबलं.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," ऑत्ताव्हिओ म्हणाला.

"अंथरुणावर अजून दुसरंच कुणीतरी झोपलंय, ते बघ आधी."

त्या बहात्तरच्या एर्सिलियाबाई. विधवा, मूलबाळ नाही. मिरेल्लाला घेऊन दोघं तिथं गेली. तिथला सौदा ऐकून कुणालाही हसू यावं. विकणारी मरणाच्या गोष्टी करून भाव चढवतेय आणि घेणारे तिला आयुष्य बहाल करून उतरवताहेत.

"गुडघे गेलेत. छातीत धडधडतं. परवा डॉक्टरचं तोंडच उतरलं."

"काहीतरीच! रंग बघा तुमचा. शंभरी गाठाल, बाई."

"तुमच्या तोंडात साखर पडो, पण बासष्ट हजारांतले दोन हजार काही सोडायची नाही मी."

शेवटी साठ हजारांवर जमलं. एर्सिलियाबाईंनी कॉफी ठेवली. महिनाभर टाळलेला हिशेब नीवेसनं तेव्हा केला. बाई मघाशी बाजाराची पिशवी घेऊन तीन जिने चढून आल्या होत्या. ऑत्ताव्हिओचं हृदय दोनदा दुरुस्त केलेलं, आणि ती स्वतः पासष्टची. तक्त्यानं स्वस्त दिलं ते उगाच नव्हे. जे घर परवडत होतं, ते मोकळं होईपर्यंत आपण दोघं असूच असं नव्हतं. बाई लवकर जावी, असं मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. समोर ती बाई नीवेसच्याच कपात साखर घालत होती.

"तुम्ही दोघं माझ्याआधी गेलात तर?" एर्सिलियाबाईंनीच विचारलं.

"तर ही मिरेल्ला तुमचं दार वाजवेल," नीवेस म्हणाली. "घ्याल आत?"

बाईंनी चमचा बशीत ठेवला. "खोटं कशाला बोलू? मला नाही झेपायचं ते."

नीवेसला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान डोलावली. दुसरं घर होतं कुठं?

मिरेल्ला खिडकीशी खुर्ची ओढून बसली होती. "हे माझं घर?"

"हो गं."

"मग आजच राहू या."

"आज नाही. या मावशी राहतात ना इथं."

"मग कधी?"

एर्सिलियाबाईच म्हणाल्या, "मी देवाघरी गेले ना, की तू यायचं बाळ. माझा पलंग तुलाच ठेवते."

मिरेल्ला खूश झाली. उठून आतल्या खोलीत गेली आणि पलंग बघून परत आली.

"एकच आहे," ती म्हणाली. "आई कुठं झोपणार?"

"तुझ्याशेजारी," नीवेस म्हणाली. मुलीशी ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती.