पोटातला दोरा

हॉलमध्ये खुर्च्या दीडशे आणि बाया तीनशे. ज्यांना जागा मिळाली नाही त्या भिंतीला टेकून, एकमेकींच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभ्या. पुढे पलंग, पलंगावर माझी ताई, आणि तिच्या पोटावरच्या व्रणावर कापसाचा ओला बोळा दाबून धरलेले दोरेकाका.

"डॉक्टर कापतात, शिवतात आणि विसरतात," काका म्हणाले. "त्यांचा दोष नाही. त्यांच्या हाताला घड्याळ आहे. माझ्या हाताला नाही."

घड्याळ त्यांच्या खिशात होतं. मधूनमधून काढून बघत होते.

"दुखतंय ना, बाळ?"

"हो," ताई म्हणाली आणि रडायला लागली.

बोळा लाल झाला. काकांनी दोन बोटांनी त्यातून काहीतरी ओढलं. एक वीत, दोन विती, हातभर. लालभडक दोरा. इस्त्रीतून वाफ सुटावी तसा हॉलभर श्वास सुटला.

"हा आत राहिला होता. आता नाही."

ताई उठली. ऑपरेशननंतरच्या सहा आठवड्यांत पहिल्यांदाच कमरेला हात न लावता उठली. काकांनी तिच्या तोंडासमोर माइक धरला.

"मला बरं वाटतंय," ताई म्हणाली.

तेवढ्या एका वाक्यावर काकांच्या पलंगाकडची ओळ दाराबाहेर गेली.

*कधीपासून दुखतं?*

हे असे तिरप्या अक्षरांतले प्रश्न एका डॉक्टरीणबाईंच्या कागदावरचे आहेत. त्या आम्हाला फार उशिरा भेटल्या. मी त्यांच्या प्रश्नांप्रमाणेच सांगते, कारण त्याआधी ताईला ते कुणी विचारलेच नाहीत.

गर्भपिशवी काढली, त्याच्या तिसऱ्या दिवसापासून.

*कुठे?*

डावीकडे, बरगडीखाली, पाठीतून पुढे. ताई प्रत्येकाला हेच सांगायची. दाजी म्हणाले, "एवढं मोठं ऑपरेशन झालंय, कुठेतरी दुखणारच." दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी टाके बघितले. "सुरेख भरलेत. दोन-तीन महिने जातातच." मी म्हणाले, "तू आराम कर, मशीन कुठे पळून जात नाही."

टाके पोटावर होते, दुखत होतं पाठीत. टाके सगळ्यांनी बघितले.

*कशामुळे, असं तुम्हाला वाटतं?*

काकांना वाटत होतं, दोऱ्यामुळे. तो दोरा ताईने कागदात जपून घरी आणला होता.

आम्ही दोघी एकाच शिवणकारखान्यात. ती कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर, मी तपासणीच्या टेबलावर. काज करणारी आणि इस्त्री करणारी, दोघींनीही काकांकडून आपापला दोरा आणलेला. ताई अजून रजेवर होती, म्हणून तिचा दोरा मी नेला आणि एका दुपारी डबे खाऊन झाल्यावर तिन्ही दोरे धुतले आणि खिडकीत वाळत घातले. तिघींची ऑपरेशनं तीन दवाखान्यांत, तीन वेगळ्या वर्षी झालेली. दोरा मात्र एकाच जातीचा. मी टोक पेटवलं. सुती दोऱ्याची राख होते, हा वितळला आणि त्याचा काळा मणी झाला. पॉलिएस्टर. ताईच्या मशीनवर त्याची चार रिळं कायम लावलेली असतात.

"आणि पोटातले टाके आपोआप विरघळतात," मी म्हणाले. "ताईला घरी सोडताना दवाखान्याने दिलेल्या कागदावर तसं लिहिलंय."

"चष्मे," इस्त्रीवाली म्हणाली, कारण कारखान्यात माझं नाव तेच, "तू देवाच्या सदऱ्यातही खोट काढशील."

"असली तर काढीन."

पुढच्या रविवारी मी हॉलमध्ये गेले. ताईही आली, मी तमाशा करीन या भीतीने आली. मी तमाशा केला. पलंगाशेजारच्या ताटात कोरडे बोळे रचून ठेवले होते, कुणाच्याही पोटाला न लागलेले. त्यातला एक उचलला, तळहातावर ठेवला आणि काकांच्याच तांब्यातलं पाणी वर ओतलं. बोळा लाल झाला. मी तो फोडून सगळ्यांना दाखवला: मधोमध रंगाची कोरडी पूड, पुडीभोवती गुंडाळलेला दोरा. दोन बोटांनी ओढला. हातभर निघाला.

"माझ्या तळहाताचं ऑपरेशन झालेलं नाही," मी म्हणाले. "मग हा कुणाचा राहिला?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत, चिडलेही नाहीत. इतकी वर्षं धंदा केलेला माणूस.

"ज्याच्या मनात संशय, त्याला संशयच दिसतो. दोरा सोडा. हिची बहीण इथेच बसलीय, तिला विचारा. बाळ, तुझं दुखणं गेलं की नाही?"

तीनशे माना ताईकडे वळल्या.

"गेलं," ताई म्हणाली.

खरंच गेलं होतं. त्या पलंगावरून उठली तेव्हा जरा कमी, मग दर आठवड्याला आणखी कमी, आणि आता तीन आठवड्यांनी अजिबात नाही. परत येताना तिने माझा हात धरला.

"दोरा खोटा असेल गं, छोटे. पण मला झोप लागते आता."

दुखणं का थांबलं, ते मी शोधलं नाही. बऱ्या झालेल्या माणसाला 'का बरं झालीस' असं कोण विचारतं?

*आणखी काही त्रास?*

नाही.

*दुखणं कशाने थांबलं?*

चौदाव्या आठवड्यात ताईला कामावर परतायचं होतं. त्यासाठी तब्येत ठीक असल्याचा दाखला हवा, म्हणून आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दोन मिनिटांचं काम. त्यांनी रक्तदाब घेतला, तो बराच वाढलेला बघून भुवया उंचावल्या, पुन्हा घेतला. मग कोरा कागद ओढला आणि एकेक प्रश्न विचारत गेल्या. दोऱ्याची गोष्टही ऐकली, हसल्या नाहीत. ताईला पाठमोरी बसवलं आणि बरगडीखाली बोटं टेकवली.

"इथे दुखायचं?"

"हो."

"इथे कुणी तपासलं होतं?"

मी म्हणाले, "नाही."

सोनोग्राफी झाली, मग आणखी एक मोठी तपासणी. चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन किडन्या काढल्या आणि त्यांच्यापासून खाली येणाऱ्या दोन नळ्या.

"लघवी या नळ्यांतून खाली येते. या नळ्या गर्भपिशवीच्या अगदी जवळून जातात. पिशवी काढताना क्वचित एखादा टाका नळीला लागतो आणि लघवी वर तुंबते. तुमच्या पाठीत दुखत होतं ते यामुळे."

"पण मग थांबलं कसं?" ताईने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"पहिल्या दिवशी बरं वाटलं, कारण कुणीतरी तुम्हाला 'दुखतंय ना' असं विचारलं. माणसाला त्यानेही बरं वाटतं, पण तेवढ्याने नळी मोकळी होत नाही. तुंबलेली किडनी काही आठवडे धडपडते, तोवर दुखतं. मग ती हळूहळू काम सोडते. दुखायला काही उरत नाही."

"म्हणजे डावी..."

"जवळजवळ बंद आहे. रक्तदाब त्यामुळेच वाढलाय."

"सहाव्या आठवड्यात आलो असतो तर?" मी विचारलं.

"नळी सोडवता आली असती. किडनी बरीचशी वाचली असती."

"आणि नवव्या?"

"थोडी. कदाचित."

नवव्या आठवड्यात मी हॉलमध्ये बोळा फोडत होते.

ताईने डावा हात पाठीमागे नेला आणि जिथे आता काहीच दुखत नव्हतं तिथे ठेवला. मग म्हणाली, "मी माइकवर बोलले. माझ्यानंतर ओळीत कितीजणी होत्या गं?"

पुढच्या रविवारी ती हॉलकडे निघाली. मी म्हणाले, मी बोलते, तुला धाप लागेल.

"तू दोऱ्याचं बोललीस. हे माझं आहे."

माइक कुणी दिला नाही. ती पलंगाशेजारी उभी राहिली आणि टाका, नळी, किडनी सगळं तिच्या शब्दांत सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग मायेने विचारलं, "पण बाळ, दुखणं गेलं ना?"

"गेलं," ताई म्हणाली. "किडनी मेली, म्हणून गेलं."

हॉल रिकामा वगैरे झाला नाही. सात-आठजणी उठल्या. पहिल्या रांगेतली एक बाई कमर धरून ताईपाशी आली आणि हळूच म्हणाली, "मलाही मागूनच दुखतं. कुठे बसतात त्या डॉक्टरीणबाई?" बाकीच्या बसून राहिल्या. काकांनी पुढचा बोळा उचलला.

म्हणून हे लिहिते. बायांनो, तुमचं दुखणं नेमकं कुठे आहे ते ठासून सांगा. डॉक्टर घाईत असले तर पुन्हा सांगा, तरी ऐकलं नाही तर दुसरा डॉक्टर गाठा. कुणी चमत्कार दाखवला तर त्याचा बोळा फोडून बघा. पण फोडल्यावर घरी जाऊ नका. दुखणं वाढलं तर का वाढलं, थांबलं तर का थांबलं, याचं उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. मी काकांची लबाडी पकडली, याचा मला फार अभिमान होता. त्या अभिमानात पाच आठवडे गेले.